झाडाभोवतीचं गवत

६ डिसेंबर १९७०, रविवार

प्रिय आर्मास,

मी इल्मो, तुझा भाऊ. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. तू गेलास तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि माझं अक्षर डावीकडे झुकायचं. आता सरळ आहे. पत्ता शेजारच्या सायमीकाकूंनी दिला. त्यांची मुलगी गोथेनबर्गमध्ये तुझ्याच भागात राहते म्हणे. पत्र चुकून दुसऱ्या कुणा आर्मासकडे गेलं असेल, तर त्यांनी कृपया इथेच थांबावं.

मी काही मागायला लिहीत नाही. बाबा एकोणीस ऑक्टोबरला अंगणातल्या वाफेच्या न्हाणीच्या, सॉनाच्या, पायरीवरून घसरले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. पाच आठवडे इस्पितळात होते. आता घरी आहेत, स्वयंपाकघरात खिडकीशी त्यांची खाट लावली आहे. बर्फ वितळेपर्यंत पायावर भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतात. कॉफी अर्धा कपच ओतावी लागते, नाहीतर पांघरुणावर सांडते आणि मग ते माझ्याकडे रागाने बघतात, जशी मीच सांडली. तुला कळवायला हवं असं मला वाटलं. त्यांनी कळवायला सांगितलेलं नाही.

तेव्हा या हिवाळ्यात बाग माझ्याकडे आहे. मी लाकडाच्या गिरणीत फळ्या रचायला जातो आणि साडेतीनला सुटतो, तोवर अंधार पडलेला असतो, म्हणून बरंचसं काम रविवारी करतो. काळ्या बेरीची झुडपं सुतळीने बांधली, बर्फाने फाटू नयेत म्हणून. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर स्प्रूसच्या डहाळ्या घातल्या. आईच्या डेलियाचे कंद बटाट्यांच्या तळघरात आहेत. दर शनिवारी एकेक हातात घेऊन बघतो. आतापर्यंत दोनच सडले.

राहिलं आईचं सफरचंदाचं झाड. त्याबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चाळीसच्या मार्चमध्ये युद्ध संपून सीमा सरकली आणि घर सोडायला दोन दिवस मिळाले, तेव्हा आईने अंगणातल्या झाडाच्या चार फांद्या कापून ओल्या लोकरी मोज्यात गुंडाळल्या आणि तू त्या कोटाच्या आत धरून आणल्यास; त्यांच्या कलमातून हे झाड झालं. मी तर जन्मलोही नव्हतो. सीमेपलीकडे राहिलेल्या त्या घरातलं आता एवढंच आपल्याकडे आहे. तिकडचं मूळ झाड पुढच्या दोन हिवाळ्यांत मेलं. त्या जातीचं नाव कुणाला माहीत नाही, आणि दुसरं झाड कुठे असल्याचंही कधी ऐकलं नाही.

बाबांनी खाटेवरून सांगितलं, "कोंबड्यांची जाळी बांध, म्हणजे ससे खायचे नाहीत. बर्फ पडला की खोडाभोवती पाय आपटून घट्ट कर, म्हणजे खालून उंदीर यायचे नाहीत. आणि बाकी काही करू नकोस. ते झाड आहे, बाळंतीण नव्हे."

जाळी बांधली. पायही आपटतो. पण रेडिओवर यंदा फार कडक थंडी सांगितली आहे, आणि चाळीसच्या थंडीत झाडं बंदुकीसारखा आवाज करून उभी फुटायची, हेही बाबाच सांगतात. ते ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना. म्हणून मी जाळीच्या आत वीतभर जाड सुकं गवत भरलं, वरून पोती गुंडाळली, सात ठिकाणी सुतळी बांधली आणि पायथ्याशी डहाळ्या लावल्या. बाबांच्या खिडकीतून फक्त वरच्या फांद्या दिसतात, त्यामुळे त्यांना माहीत नाही.

सायमीकाकू कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "काय रे इल्मो, एवढे कपडे तर तू स्वतःच्या अंगावर घालत नाहीस! टोपी राहिली की त्याची." मग जवळ येऊन म्हणाल्या, "आत गवत आहे का रे? उंदरांना आमंत्रण धाडलंस वाटतं." त्या चेष्टा करतात, तुला माहीतच आहे.

आज स्वातंत्र्यदिन, म्हणून खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या आहेत. बाबा म्हणाले, एक पुरे होती.

उत्तर द्यायचं असलं तर सायमीकाकूंच्या पत्त्यावर दे. बियाण्यांच्या दुकानाला लिहितोय असं मी बाबांना सांगितलं आहे.

तुझा भाऊ,
इल्मो


२७ डिसेंबर १९७०

प्रिय आर्मास,

उत्तर आलं नाही. नाताळात टपाल उशिरा पोचतं हे मी धरलेलं आहे.

चोवीस तारखेला आईच्या कबरीवर मेणबत्त्या लावून आलो. तीन लावल्या. एक तुझ्या नावाने, न विचारता. वारा नव्हता, त्यामुळे परत निघालो तोवर तिन्ही जळत होत्या. बाबांना यायचं होतं. मी नाही म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या आईला सांग, तिच्या धाकट्याने मला कोंडून ठेवलंय." नाताळचा रुताबागाच्या कंदाचा भाजलेला लगदा मी आईसारखा करून पाहिला. पातळ झाला. त्यांनी खाल्ला.

एक विचारायचं होतं. सायमीकाकूंच्या एका सफरचंदाच्या झाडाची साल उंदरांनी खाल्ली आहे. त्या मला विचारत होत्या आणि मला उत्तर देता येईना. त्यांच्या झाडाला जमिनीपासून एकेचाळीस सेंटिमीटरपर्यंत साल राहिलेली नाही, सगळ्या बाजूंनी. मी फूटपट्टी लावून पाहिलं. बर्फ आणि माती थोडी उकरली, तर खाली मुळांच्या सुरुवातीलाही नाही. आतलं लाकूड पांढरं आहे आणि त्यावर बारीक दातांच्या रेघा आहेत. असं झाड वाचतं का? वाचत असेल तर कसं? आईने तुला झाडांचं सगळं शिकवलं होतं, म्हणून तुला विचारतो. बाबांनाही विचारता आलं असतं, पण त्यांना सध्या झोप नीट लागत नाही.

फार घाई आहे असं नाही. पण लवकर कळवलंस तर बरं होईल. सायमीकाकू काळजीत आहेत.

बाबा रोज विचारतात, "झाड कसंय?" मी सांगतो, ठीक आहे.

इल्मो


१० जानेवारी १९७१

आर्मास,

सायमीकाकूंकडे सफरचंदाचं झाडच नाही. हे तुझ्या केव्हाच लक्षात आलं असेल. ते आईचं झाड आहे.

सव्वीस डिसेंबरला डहाळ्या नीट करायला गेलो, तेव्हा पोत्याच्या खालच्या कडेला अंगठ्याएवढं भोक दिसलं. सुतळ्या सोडल्या. गवतात हात घातला तर ते ऊबदार होतं. आत दोन घरटी होती, आमच्याच गवताची, बारीक कुरतडून छान गोल केलेली. उंदीर पळाले तेही सावकाश. बाहेरून मी रोज पाय आपटून बर्फ घट्ट करत होतो आणि ते आत निवांत बसून खात होते. बाबांनी सांगितलं तेवढंच केलं असतं तर काही झालं नसतं. सायमीकाकूंनी सांगितलं तेव्हा गवत काढलं असतं तरी कदाचित काही झालं नसतं. त्या चेष्टा करत नव्हत्या. मी सगळं पुन्हा होतं तसं गुंडाळून ठेवलं, गवत सोडून, म्हणजे बाबांना कुणी बोलू नये.

वाचनालयाच्या गाडीतून बागकामाचं पुस्तक आणलं आणि दोनदा वाचलं. जखमेवर फांद्यांचा पूल बांधतात, पण त्यासाठी खाली थोडी तरी साल लागते, आणि इथे मातीच्या खालीही नाही. पुस्तकात म्हटलं आहे की अशा झाडाच्या वरच्या भागाला काही कळत नाही. मेमध्ये ते पानं काढेल, फुलेलसुद्धा. फांद्यांत साठलेलं संपेपर्यंत. मग जुलैच्या सुमारास वाळेल. बाबा खिडकीतून फुलं बघतील आणि खूश होतील. गेले दोन आठवडे माझ्या डोक्यात तेवढंच आहे.

एकच उपाय आहे. आत्ता, झाड झोपलेलं असताना, कलमकाड्या कापून बर्फात पुरून ठेवायच्या आणि मेमध्ये दुसऱ्या झाडावर कलम करायचं. सॉनाच्या मागे बियांतून उगवलेलं एक रानटी सफरचंद आहे, मनगटाएवढं जाड. त्याच्यावर होईल. गेल्या रविवारी शिडी लावून चढलो. कलमकाडी गेल्या उन्हाळ्यात फुटलेली, सरळ आणि पेन्सिलीएवढी हवी. तू गेल्यापासून झाडाची छाटणी झालेली नाही, त्यामुळे सगळीकडे आखूड गाठाळ फुटवेच आहेत. कामाच्या फांद्या तीन मिळाल्या. अगदी शेंड्याला. त्या लाकडाच्या भुशात घालून पेटीत ठेवल्या आहेत, पेटी सॉनाच्या उत्तरेच्या भिंतीशी बर्फाखाली आहे.

पण कलम मला येत नाही. आई मला म्हणाली होती, तू मोठा झालास की शिकवीन. बाबांचे हात कसे आहेत ते सांगितलंच. या भागात कलमं करणारा म्हातारा दोन वर्षांपूर्वी वारला. तू बारा वर्षांचा असताना केलेली कलमं अजून लोकांच्या बागांत आहेत, असं सायमीकाकू म्हणतात. मेमध्ये ये. एका दिवसाचं काम आहे. बाबांशी बोलू नकोस हवं तर. मी तुला सॉनात झोपायला जागा करीन.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय तुला बोलावणं बरोबर नाही. तू गेलास त्या जूनच्या सकाळी बसच्या थांब्यावर मी आलो नाही. तू सायमीकाकूंच्या मुलीला म्हणालास की मी बाबांची बाजू घेतली. तसं नव्हतं. माझी पिशवी भरलेली होती. बाबा तुला "जा, आणि पत्रही टाकू नकोस" म्हणाले तेव्हाही मी तुझ्याबरोबरच यायचं ठरवून होतो. सकाळी मी सॉनाच्या माळ्यावर चढून बसलो. तू बस थांबवून ठेवलीस. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला, मी मोजले. मी कुणाचीच बाजू घेतली नाही. मला फक्त भीती वाटली. नंतर खाली आलो तर बाबांनी माझी पिशवी रिकामी करून कपडे कपाटात लावले होते. त्याबद्दल ते आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत.

इल्मो


७ फेब्रुवारी १९७१

प्रिय आर्मास,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सायमीकाकूंनी ते एप्रनच्या खिशात घालून आणलं आणि मी वाचेपर्यंत हलल्या नाहीत.

पाच ओळी आहेत. अक्षर कुणा लहान मुलाचं वाटलं, म्हणून आधी मला वाटलं, तू दुसऱ्याकडून लिहून घेतलंस. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की तू डाव्या हाताने लिहिलं आहेस. तू लिहितोस, कारखान्यातल्या दाबयंत्राने अंगठा आणि पहिलं बोट नेलं, दोन वर्षं झाली, आता फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहून घेण्याचं काम दिलं आहे. चाकू धरता येत नाही. दुसरा कुणी शोध. बसचं राहू दे.

मी ते राहू देतो.

दुखतं का अजून? थंडीत दुखत असेल. गिरणीत एकाची दोन बोटं गेली आहेत, तो म्हणतो की नसलेली बोटंच जास्त गारठतात. तू कुणाला कळवलं का नाहीस, हे विचारायचा मला हक्क नाही, कारण मीही सात वर्षं काही लिहिलं नव्हतं.

"मग आता?" सायमीकाकू म्हणाल्या.

मी म्हटलं, कुणीतरी दुसरा शोधतो. जाहिरात देतो.

"जाहिरात! उंदीर लागलेल्या झाडाची! अरे, तुझ्या घरात एक माणूस झोपलाय, त्याने बायकोला शंभरदा कलम करताना पाहिलंय. त्याला सांग."

"त्यांना सहन होणार नाही, काकू."

"तुला होणार नाही. तो म्हातारा झालाय, काचेचा नाही झाला."

मी हे पत्र टाकायला जाईन आणि परत आल्यावर सांगेन असं ठरवलं आहे. पण टपाल उद्या निघतं, म्हणजे उद्या.

इल्मो


२१ फेब्रुवारी १९७१

प्रिय आर्मास,

उद्या सांगेन म्हणून लिहिलं होतं, पण मध्ये सहा दिवस गेले. शनिवारी, तेरा तारखेला, बाबांनी विचारलं, "झाड कसंय?" आणि मला ठीक म्हणता येईना. मी म्हटलं, बाबा, झाड गेलं.

त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाले, "मला बाहेर ने."

उणे चोवीस होतं. मी नको म्हटलं. ते पाय खाली सोडायला लागले, तेव्हा मीच त्यांना मेंढीच्या कातड्यात गुंडाळून घसरगाडीवर बसवलं आणि ढकलत नेलं. पोती सोडली. बाबांनी हातमोजा काढला आणि उघड्या लाकडावर हात ठेवला. पूर्ण भोवती फिरवला, जिथे पोचत नव्हता तिथे मला म्हणाले, "फिरव मला." मी घसरगाडी झाडाभोवती फिरवली.

"खालीही?"

"खालीही."

"गवत घातलंस."

मी हो म्हटलं.

"चाळीसला ते उघडं उभं होतं," ते म्हणाले. "तिकडच्या आमच्या अंगणात. उणे चाळीस होतं. एक चिंधी नव्हती त्याच्या अंगावर, आणि सकाळी तुझ्या आईने फांदी कापली तर आत हिरवी." मग हातमोजा घालून म्हणाले, "चल, थंडीने माझे कान गेले."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. आत आल्यावर मी कॉफी दिली. ती त्यांनी न सांडता प्यायली, दोन्ही हातांनी कप धरून, आणि म्हणाले, "बियाण्यांच्या दुकानाचं काय म्हणणं आहे?"

मी कॉफीची किटली खाली ठेवली.

"सायमी एप्रनमध्ये पत्र घेऊन अंगणातून चालत येते ते मला खिडकीतून दिसतं. खुबा मोडलाय, डोळे नाहीत. वाच."

मी तुझं पत्र वाचलं. पाचही ओळी. बसची ओळ गाळावी असं मनात आलं होतं, पण वाचली.

"कुठली बोटं?"

"अंगठा आणि पहिलं."

"उजव्या हाताची?"

"हो."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं," बाबा म्हणाले, आणि आपला उजवा हात पांघरुणावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. तो थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हाताने दाबून धरला. त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते मला शिकवत आहेत. मी ओढ्याकाठच्या विलोच्या काठ्या आणतो, शेगडीपाशी ठेवून नरम करतो आणि त्यांच्या खाटेशी बसून कापतो. काप एकाच ओढीत सरळ यायला हवा, आगपेटीच्या लांबीएवढा, थांबलं की मध्ये पायरी पडते. "लोणी लावतोयस का पावाला?" असं दिवसातून दहादा ऐकतो. "मनगट नको, खांदा. खांदा रे! तुझी आई काय मनगटाने कापायची?" मी आईला कापताना पाहिलेलं नाही असं म्हटलं, तेव्हा त्यांनी पुढची काठी माझ्याकडे सरकवली. काल त्यांनी चाकू माझ्या हातून घेतला, दाखवायला म्हणून. काप गेला तो सरळ पांघरुणात. त्यांनी चाकू परत दिला आणि पांघरूण दुमडून फाटलेला भाग आत घातला. मीही काही पाहिलं नाही असं केलं.

आजपर्यंत एकशे बारा काप झाले. त्यांतले नऊ बाबांनी हातात घेऊन फेकले नाहीत. चांगले म्हणाले असं नाही.

आज सकाळी विचारलं, आर्मासला काय लिहू?

"लिही, दुसरा कुणी मिळाला नाही."

लिहितो म्हटलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "आणि लिही, बोटं गेली तर गेली, तोंड आहे ना. ते माझ्यावर गेलंय, त्याला काही होत नाही. मेमध्ये या गाढवाच्या मागे उभं राहून शिव्या द्यायला कुणीतरी लागेल. मी तोवर असेन, नसेन." मग भिंतीकडे वळले आणि म्हणाले, "नको. हे शेवटचं लिहू नकोस."

मी ते लिहिलं आहे. बाबांना सांगितलेलं नाही.

सोळा तारखेला पेटी उघडून पाहिली. तिन्ही कलमकाड्यांची साल नखाने किंचित खरवडली, आत हिरवी आहे. आता उघडणार नाही. आईचं झाड यंदा फुलेल आणि ते बाबांना बघायला लागेल, ते आता त्यांना माहीत आहे आणि मलाही. बाकी आशा या तीन काड्यांवर आहे. पहिली मी बिघडवीन हे धरून चाल. दुसरी बाबा ओरडत असताना लावीन, ती लागली तर लागली. तिसरीला तू येईपर्यंत मी हात लावणार नाही. रानटी झाडाची साल वीस मेच्या सुमाराला कलम बसण्याइतकी सैल होते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा घट्ट बसते. तोपर्यंत ती भुशातच असेल.

इल्मो